स्तूगा, सोमरहूस की हित्ते? घर निवडताना आणि सजवताना

मोबाइलवर 'स्कँडिनेव्हियन कॉटेज' शोधलं की एकच चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं. बाहेरून लाल, आतून पांढरंशुभ्र घर, खिडकीत मेणबत्ती, खुर्चीवर मेंढीचं कातडं, कोपऱ्यात पेटलेली शेगडी. असं घर प्रत्यक्षात सहसा कुठे सापडत नाही. लाल रंग स्वीडनचा, पांढरेपणा बराचसा डेन्मार्कचा, कातडं आणि शेगडी नॉर्वेची, आणि हे सगळं एका चौकटीत कोंबणारा फोटोग्राफर कुठलाही. नुसतं बघायला हरकत नाही. पण स्टॉकहोम, गोथेनबर्ग, कोपनहेगन, ऑस्लो इथे नोकरीनिमित्त येऊन रुळलेली, आणि आता शहराबाहेर छोटं घर घ्यावं किंवा निदान दर सुट्टीला भाड्याने घ्यावं असं मनात घोळवणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. त्यांना स्वीडनची स्तूगा, डेन्मार्कचं सोमरहूस आणि नॉर्वेची हित्ते ही तीन घरं वेगवेगळी करून बघायलाच हवीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. स्वीडिश घर खिडकीभोवती सजतं, डॅनिश टेबलाभोवती आणि नॉर्वेजियन शेगडीभोवती. तुम्ही वर्षाच्या कुठल्या भागात तिथे राहणार आणि तुमच्याकडे वेळ, पैसा आणि सोशीकपणा यांतलं काय जास्त आहे, यावर निवड करावी.

घराची जात

स्वीडनमध्ये सुट्टीची घरं सहा लाखांच्या आसपास आहेत. त्यातली जुनी म्हणजे 'तोर्प', जमीनदाराच्या जागेवर राबून भाडं फेडणाऱ्या कुळांच्या झोपड्या. एक स्वयंपाकघर, एक खोली, फार तर वर एक माळा. दारिद्र्यात बांधलेल्या या घरांवर आज लोक उड्या टाकतात. त्यांचा लाल रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतला. खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीत लोह, तांबं आणि गारगोटीचा अंश असतो. ती भाजून, दळून, पाणी, राईचं पीठ आणि जवसाच्या तेलात शिजवली की रंग तयार. (ही राई म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य.) स्वस्त, तकतकी नसलेला, आणि लाकडाला ओल बाहेर टाकू देणारा रंग. खाण १९९२ मध्ये बंद पडली, २००१ मध्ये जागतिक वारसा झाली, रंग मात्र अजून विकला जातो. सुरुवातीला श्रीमंतांनी आपलं लाकडी घर विटांचं वाटावं म्हणून हा रंग लावला. गरिबाच्या तोर्पवर तो एकोणिसाव्या शतकात पोचला.

डेन्मार्कच्या सोमरहूसला असा जुना इतिहास फारसा नाही. १९३८ च्या कायद्याने कामगारांना दोन आठवडे पगारी रजा मिळाली (स्वीडनमध्येही त्याच वर्षी) आणि किनाऱ्याला लागून छोट्या घरांचे पट्टे उभे राहू लागले. आज अशी घरं दोन लाखांहून जास्त आहेत. ठेंगणं, बहुतेक वेळा काळ्या किंवा करड्या फळ्यांचं, एका बाजूला मोठी काच आणि बाहेर लाकडी ओटा. वाळूचे ढिगारे आणि गवत दारापर्यंत आलेलं. घर मुद्दाम बुटकं ठेवतात, कारण यूटलंडच्या, म्हणजे डेन्मार्कच्या मुख्य द्वीपकल्पाच्या, पश्चिम किनाऱ्यावर वारा म्हणजे चेष्टा नाही. लेसो बेटावर तर समुद्री गवताच्या जाडजूड छपरांची काही घरं अजून शिल्लक आहेत. गेलात तर बघून या.

नॉर्वेची हित्ते डोंगरातली किंवा फ्योर्डकाठची, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीकाठची. संख्या चार लाखांहून जास्त. जुन्या पद्धतीची असेल तर आख्ख्या ओंडक्यांची, कोपऱ्यात एकमेकांत खाचून बसवलेली. छपरावर बर्चच्या सालीचे थर आणि त्यावर गवतासकट माती. साल पाणी अडवते, माती सालीला जागेवर दाबून ठेवते. हल्ली ट्रिसिल, हेमसेडाल, गाइलो या स्कीच्या गावांत ज्या नव्या हित्ते बांधतात त्यांत वायफाय, गरम पाण्याचा टब आणि गाडी चार्ज करायची सोय सगळं असतं. तिथे राहून आल्यावर 'आम्ही हित्तेत राहिलो' असं नॉर्वेजियन माणसाला सांगू नका, तो फक्त हसेल.

भिंती आणि रंग

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. 'स्कँडिनेव्हियन म्हणजे पांढरं' हे जुन्या स्वीडिश कॉटेजला अजिबात लागू पडत नाही. डालार्नातल्या सुंडबोर्न गावात चित्रकार कार्ल लार्शोन आणि त्याची बायको कारिन यांचं घर आहे, लिल्ला हित्तनेस. कारिनच्या वडिलांनी १८८८ मध्ये ते त्यांना दिलं. आज ते बघता येतं. आत गेलात की लाल आणि हिरव्या रंगाची जेवणाची खोली, भिंतींवर रंगवलेल्या माळा, कारिनने स्वतः विणलेली पडद्याची आणि अभ्र्यांची कापडं. ती स्वतः चित्रकार होती. लग्नानंतर चित्रं सुटली आणि तिची सगळी कला या घरातल्या कापडात आणि लाकडी सामानात उतरली. कार्लने या खोल्यांची जलरंगातली चित्रं काढली आणि स्वीडिश घर कसं असावं याची कल्पनाच त्यातून घडली. त्यात पांढरा रंग आहे, पण तो बाकीच्या रंगांना उठाव देण्यापुरता.

फिकट करडं, सोनेरी कडांचं जे 'स्वीडिश' म्हणून खपतं ते राजा तिसरा गुस्ताव याच्या काळचं, अठराव्या शतकाच्या शेवटचं, आणि ते वाड्यांमधलं. कुळाच्या झोपडीत ते आणलं तर नवऱ्या मुलाचा फेटा बांधून शेतात गेल्यासारखं दिसतं.

तेव्हा स्तूगा घेतलीत तर भिंतींना उभ्या खाचांच्या अरुंद फळ्या लावा आणि जवसाच्या तेलाचा रंग द्या. फिकट निळा, मोहरीसारखा पिवळा, शेवाळी हिरवा. हा रंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात आणि तोवर घरभर वास असतो, पण एकदा बसला की वर्षानुवर्षं टिकतो. जमिनीवर जुन्या कापडाच्या चिंध्यांचे विणलेले लांबट पट्टे घालतात, त्यांना 'त्रासमात्ता' म्हणतात. ते हातमागावर विणून देणाऱ्या बायका गावोगावी सापडतात आणि कापड तुमचं चालतं. आईच्या विरलेल्या इरकली किंवा सुती नऊवारीचं काय करायचं हा प्रश्न असेल तर एक उत्तर हे. साडीच्या अंगठ्याएवढ्या रुंद पट्ट्या फाडून त्यांचे गुंडे करून न्यायचे. काठ वेगळे ठेवा. सगळे एका टोकाला विणून घेतले तर पट्ट्याला किनार येते.

डेन्मार्कमध्ये भिंतीचा प्रश्नच फार नसतो. पांढरी किंवा साध्या पाइनची भिंत, वर काही नाही. लाकडी जमीन साबणाच्या पाण्याने धुऊन धुऊन फिकट केलेली. सगळं लक्ष सामानाकडे जावं म्हणून बाकी गप्प. नॉर्वेत ओंडका उघडाच राहतो. नवीन असताना तो फिकट असतो, वीसेक वर्षांत मधासारखा पिवळा होतो आणि शेगडीच्या धुराने आणखी गडद. ओंडक्याच्या गोलाव्यावर फोटोच्या चौकटी नीट बसत नाहीत, म्हणून तिथे विणलेलं जाड कापड टांगतात. 'ओक्ले' नावाचं, भौमितिक नक्षीचं. मुळात ते पांघरूण.

उजेड

२१ डिसेंबरच्या सुमारास स्टॉकहोमला सहा तास उजेड असतो, ऑस्लोला त्याहून थोडा कमी, कोपनहेगनला सात. पुण्यातल्या हिवाळ्यातला अकरा तासांचा दिवस आठवला की हा आकडा नीट कळतो. या घरांची बरीचशी सजावट त्या सहा तासांशी चाललेली झटापट आहे.

स्वीडिश माणूस खिडकीत दिवा ठेवतो. खोलीत नाही, खिडकीत, बाहेरच्याला दिसेल असा. प्रत्येक खिडकीला एक छोटा टेबललॅम्प किंवा टांगता दिवा, शेजारी जिरेनियमची कुंडी, वर वीतभर उंचीची पांढरी झालर. पूर्ण पडदा क्वचित. जुन्या घरात तर खिडकी हीच ऋतूप्रमाणे बदलणारी वस्तू असते. ऑक्टोबरात आतल्या बाजूने काचेची दुसरी चौकट बसवतात, कडा कागदी पट्टीने बंद करतात आणि दोन काचांच्या मधल्या फटीत, खाली, ओल शोषून घ्यायला कापूस किंवा जंगलातून आणलेलं पांढरं दगडफूल पसरतात. ही झाली गरज. पण नुसतं दगडफूल कसं दिसेल, म्हणून त्यावर वाळवलेली सदाफुलणारी रंगीत फुलं खोवतात, कधी लाल फळांची डहाळी. थंडी वाढली की बाहेरच्या काचेवर बर्फाची नक्षी येते आणि आत ही फुलांची ओळ तशीच राहते, थेट वसंतात चौकट काढेपर्यंत. तुमच्या स्तूगेला अशा आतल्या चौकटी असतील, माळ्यावर पडलेल्या असतील, तर त्या फेकू नका. नवीन तिहेरी काचांच्या खिडक्या विकणारा माणूस घरी येऊन काहीही सांगो.

डॅनिश माणूस दिवा टेबलावर खाली आणतो. पौल हेनिंगसेन या डॅनिश रचनाकाराने १९२० च्या दशकापासून आयुष्यभर एकाच प्रश्नावर काम केलं, विजेचा बल्ब डोळ्यांत न खुपता उजेड कसा द्यावा. एकावर एक वक्र झापडं लावून त्याने तो सोडवला. १९५८ चा त्याचा पीएच ५ दिवा आजही निम्म्या डॅनिश घरांत असावा असं वाटतं. टेबलापासून जेमतेम साठ सेंटीमीटर उंचीवर तो टांगतात. समोरच्याचा चेहरा दिसतो, खोलीचे कोपरे अंधारात राहतात, आणि तेच हवं असतं. आपल्याकडे खोलीत शिरल्याशिरल्या ट्यूबलाइट लावायची सवय. ती सुटत नसेल तर डॅनिश घर तुम्हाला पहिले काही आठवडे उदास वाटेल.

नॉर्वेत वीज नसलेल्या हित्ते अजूनही पुष्कळ आहेत. सौर पॅनलवर चालणारे बारा व्होल्टचे दोन दिवे, बाकी मेणबत्त्या. तिथे उजेडाची सजावट वगैरे कोणी करत नाही. जेवढा आहे तेवढा.

शेगडी

फोटोतली उंच, गोल, नक्षीदार टाइलची स्वीडिश शेगडी म्हणजे काकेलुग्न. १७६७ मध्ये क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांनी तिच्यात सुधारणा केली. धूर सरळ धुराड्यात न जाता आतल्या लांब नळ्यांतून वरखाली फिरतो आणि विटांना उष्णता देऊन मग बाहेर पडतो. सकाळ-संध्याकाळ एकेकदा पेटवली की खोली दिवसभर उबदार. त्या काळी स्वीडनमध्ये जळणाची टंचाई होती, त्यातून हे निघालं. पण काकेलुग्न मुख्यतः वाड्यांत आणि शहरातल्या जुन्या इमारतींत. तोर्पमध्ये सहसा स्वयंपाकघरातली लोखंडी चूल असते आणि माझ्या मते ती जास्त कामाची, कारण तिच्यावर भाकरी होते. लोखंडी पत्रा तापला की थेट त्यावर. घर विकत घेताना धुराडं साफ करणाऱ्या अधिकृत माणसाची तपासणी झाली आहे का हे मात्र आधी विचारा. कित्येक देखण्या काकेलुग्नवर पेटवायची बंदी असते आणि मालक ते शेवटी सांगतो.

डेन्मार्कमध्ये उभी, काचेच्या दाराची, काळी लोखंडी शेगडी. मोर्स बेटावरची मोर्सो कंपनी १८५३ पासून लोखंड ओतते. योगायोग असा की नॉर्वेची योतुलही १८५३ चीच. सोमरहूसमध्ये बहुधा उष्णता पंप, म्हणजे विजेवर घर गरम करणारं यंत्र, असतो, त्यामुळे शेगडी निम्मी हौसेची. डेन्मार्कमध्ये घर विकत घेताना २००३ आधीची शेगडी असेल तर ती काढून टाकावी किंवा बदलावी लागते, तो खर्च धरून चाला.

नॉर्वेत हौसेचा प्रश्न येत नाही. शुक्रवारी रात्री हित्तेवर पोचता तेव्हा आतली हवा बाहेरच्याइतकीच गार असते. उणे बारा असेल तर आतही जवळजवळ तेवढंच. कोट न काढता आधी शेगडी पेटवायची. जाड ओंडके खाली, बारीक काटक्या वर, आणि पेटवायचं वरून, म्हणजे धूर कमी होतो. मग बर्फ वितळवत ठेवायचा, कारण नळ हिवाळ्यात बंद. ओंडक्यांच्या भिंती तापायला तासन्तास लागतात. तोवर सगळे शेगडीच्या दोन हातांच्या परिघात बसून असतात आणि मेंढीचं कातडं तिथे का आहे हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. शेगडीच्या वर दोरी किंवा लाकडी दांडी, तिच्यावर ओले हातमोजे, मोजे, टोप्या. त्या हातमोज्यांवर सेल्बू गावाची आठ पाकळ्यांची नक्षी असते. तीच हित्तेतली भिंतीवरची शोभा म्हणा.

टेबल, हळद आणि फोडणी

सजावटीवर लिहिताना हे सहसा कोणी लिहीत नाही, आणि आपल्या लोकांचा निर्णय बऱ्याचदा इथेच फिरतो.

डॅनिश टेबल-खुर्च्या सुंदर असतात यात वाद नाही. बोर्गे मोगेन्सेनची १९४७ ची जे ३९ खुर्ची ग्राहक सहकारी संस्थेसाठी, सामान्य घराला परवडावी म्हणून केलेली. हान्स वेग्नरची १९४९ ची वाय खुर्ची सगळ्यांना माहीत. दोन्हींची बैठक कागदाच्या पिळलेल्या दोरीने विणलेली, वेग्नरच्या एका खुर्चीला साधारण १२० मीटर दोरी लागते. लाकडाला बहुतेक वेळा वॉर्निश नसतं, साबणाचा हात असतो. साबणाचे पापुद्रे गरम पाण्यात विरघळवून फडक्याने चोळायचे, वाळू द्यायचं, परत चोळायचं. लाकडाचा स्पर्श त्यामुळे मऊ, कोरडा राहतो, बोट फिरवत बसावंसं वाटतं.

आता या टेबलावर आमटीचा एक थेंब पडू द्या. वॉर्निश नाही म्हणजे अडवणारं काही नाही, हळद थेट लाकडात. साबण लावलात तर पिवळा लालसर होतो. हळदीचा रंग उन्हात उडतो हे आपल्याला धुतलेल्या पंचांवरून माहीत आहे, आणि इथेही तोच उपाय, टेबल उन्हात ओढायचं. नोव्हेंबरात डाग पडला तर मार्चपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं. कागदी दोरीवर पडला तर त्याच्याबरोबर कायमचंच राहायचं. डॅनिश लोक टेबलावरचे कॉफीचे, वाइनचे डाग घराचा भाग समजतात. तुमच्या घरी तसं चालत असेल तर उत्तम. नसेल तर तेलाचा हात दिलेलं टेबल घ्या, किंवा सरळ स्वीडिश रंगवलेलं.

फोडणीचं म्हणाल तर सोमरहूसमध्ये स्वयंपाकघर, बैठक, जेवण सगळं एकाच खोलीत. हिंग-मोहरीचा वास सोफ्यापर्यंत. ओंडक्यांची भिंत आणि लोकरीची पांघरुणं तर वास धरूनच ठेवतात. जुन्या तोर्पला स्वयंपाकघर वेगळं, मोठं आणि दाराचं. या एका मुद्द्यावर मी स्वीडनला पाच गुण जास्त देते.

सणवार

ऋतूप्रमाणे घर बदलायची आवड असेल तर तुलना जवळजवळ संपलीच, स्वीडन घ्या. तिथलं घर वर्षातून सात-आठ वेळा वेगळं दिसतं आणि कुठल्याही वेळी फार खर्च होत नाही.

नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान, ॲडव्हेंट सुरू होतो आणि अक्षरशः एका संध्याकाळीत गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बदलतात. सात विजेच्या मेणबत्त्यांचा त्रिकोणी लाकडी स्टँड खाली, कागदाची किंवा पेंढ्याची चांदणी वर. चांदणीच्या आत बल्ब, छिद्रांतून उजेड. आकाशकंदीलच म्हणायचा. कित्येक मराठी घरांत दिवाळीचा कंदील खिडकीतून उतरवलाच जात नाही, त्याच आकड्याला, त्याच वायरवर महिनाभराने चांदणी चढते. दिवाळी आणि ॲडव्हेंट यांच्या मधले आठवडे चांगलेच काळोखे असतात, तेव्हा शेजारीही काही म्हणत नाहीत, उलट चौकशी करतात. १३ डिसेंबरला लुसिया हा दिव्यांचा सण, मग लाल ट्युलिप आणि हायसिंथच्या कुंड्या, पेंढ्याचा बोकड. येव्हले शहरात १९६६ पासून चौकात अवाढव्य बोकड उभा करतात आणि पुष्कळ वर्षी कोणीतरी तो जाळतं, तेही आता परंपरेत जमा. १३ जानेवारीला झाड घराबाहेर. ईस्टरला बर्चच्या बोडक्या फांद्या फुलदाणीत घालून त्यांना रंगीत पिसं बांधतात. आठवड्याभरात घरातल्या उबेने फांद्यांना पालवी फुटते, बाहेर अजून बर्फ असतो. जूनमध्ये १९ ते २५ च्या मधल्या शुक्रवारी मिडसमर, दाराला बर्चच्या डहाळ्या. ऑगस्टमध्ये अंगणात चंद्राच्या तोंडाचे कागदी कंदील आणि ताटात गोड्या पाण्यातले लाल शेवंडे. मग पुन्हा ऑक्टोबर, पुन्हा दगडफूल.

डेन्मार्कमध्ये हे सगळं कमी आणि नेमकं. डिसेंबरात १ ते २४ आकडे छापलेली एक मेणबत्ती, रोज एक आकडा जाळायचा. चार मेणबत्त्यांचं चक्र. लाल-पांढऱ्या चकाकत्या कागदाच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेली हृदयं. यातलं जपून राहिलेलं सर्वांत जुनं हृदय १८६० मधलं, आणि ते केलं होतं परीकथा लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसनने. मुलांना बसवून करायला याहून चांगली गोष्ट नाही. एकदा गुंफण कळली की रात्रीपर्यंत थांबत नाहीत. झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावून हात धरून भोवती फिरतात, शेजारी पाण्याची बादली असते. २३ जूनला किनाऱ्यावर होळी. सोमरहूसच्या आत मात्र वर्षभर जवळपास तेच सामान, तोच दिवा. ज्यांना दर दोन महिन्यांनी माळ्यावरून खोकी काढायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी हा गुणच.

नॉर्वेची हित्ते एकाच सणाला खरी नटते, तो म्हणजे ईस्टर. शहरं ओस पडतात, सगळे डोंगरात. पिवळे रुमाल, पिवळ्या मेणबत्त्या, पिवळी पिल्लं, टेबलावर संत्री आणि रहस्यकथा. नाताळात पक्ष्यांसाठी ओटच्या कणसांची जुडी दाराबाहेर बांधतात आणि ॲडव्हेंटच्या मेणबत्त्या जांभळ्या असतात. एवढंच. पण प्रत्येक हित्तेत एक वही असते, आलेल्या प्रत्येकाने तारीख, बर्फ किती, कोण कोण होतं, काय शिजवलं हे लिहायचं. दहा-वीस वर्षांच्या वह्या फळीवर ओळीने लावलेल्या असतात, आणि पाहुणा आला की आधी तिथे हात जातो.

पैसा आणि कायदा, थोडक्यात

स्वीडनमध्ये परदेशी माणसाला स्तूगा विकत घ्यायला आडकाठी नाही. आडगावात जुनी तोर्प तुलनेने स्वस्त मिळते, फक्त शौचालय अंगणात असू शकतं. डेन्मार्कमध्ये कायदा कडक आहे. जो डेन्मार्कमध्ये राहत नाही आणि आधीही एकूण पाच वर्षं राहिलेला नाही, त्याला सरकारी परवानगीशिवाय सोमरहूस घेता येत नाही. युरोपीय संघाच्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातही डेन्मार्कने ही सवलत स्वतःसाठी लिहून घेतली. शिवाय सोमरहूसमध्ये बारमाही राहता येत नाही. तेव्हा स्वीडनच्या माल्मोत राहून पलीकडे डेन्मार्कमध्ये घर घेऊ, असे बेत आखू नका. नॉर्वेत घर महाग आणि रस्ता, बर्फ काढणं, मोटार उभी करायची जागा यांचे वेगळे पैसे.

सामानाचं म्हणाल तर स्वीडनमध्ये गावच्या जुन्या बाजारात, त्याला 'लोपिस' म्हणतात, निम्मं घर भरतं. डॅनिश खुर्च्या नव्या घेणं मला पटत नाही, वापरलेल्या जे ३९ चार-सहाच्या संचात मिळतात आणि बैठक नव्याने विणून देणारे कारागीर आहेत.

कोकणात किंवा मुंबई-पुण्यात घर असलेले काही जण विचारतात, यातलं तिकडे काय चालेल? नवी मुंबईत २०२० पासून आयकिया आहे, त्यामुळे वस्तू मिळतात. पण लोकर आणि कातडं पावसाळ्यात बुरशी धरतं, पांढरं कोरडं लाकड दमट हवेत काळवंडतं. चिंध्यांचे पट्टे, आखूड झालर, खाली टांगलेला दिवा, एवढं बिनधास्त न्या.

मग कोणी काय घ्यावं

हाताने काम करायची आवड आहे, सुट्ट्या लहान-लहान पण वर्षभर पसरलेल्या आहेत, मुलं लहान आहेत, स्वयंपाक घरचाच लागतो: स्तूगा. आमच्यासारख्या बहुतेकांसाठी मी हेच सांगेन.

आईवडील भारतातून दोन महिन्यांसाठी येणार आहेत आणि घर आवरलेलं, उबदार, पायऱ्या नसलेलं हवं आहे: सोमरहूस, पण भाड्याचं. एका पातळीवरचं घर, आत न्हाणीघर, समुद्र चालत जाण्याएवढा. सासूबाईंना अंगणातल्या शौचालयाचं स्वीडिश कौतुक सांगून उपयोग नाही.

हित्ते विकत घेण्याच्या मी विरोधात आहे, निदान पहिली पाच वर्षं. नॉर्वेच्या पर्यटन संघटनेच्या, म्हणजे १८६८ साली स्थापन झालेल्या डीएनटीच्या, पाचशेहून जास्त हित्ते देशभर आहेत. काहींत जेवणखाण तयार, काहींत कोठीत धान्य आणि डबे ठेवलेले असतात, आपण काढून शिजवायचं आणि हिशोब प्रामाणिकपणे भरायचा, काहींत नुसती शेगडी आणि सरपण. सभासद व्हा, किल्ली घ्या, एक हिवाळा काढा. उणे बारातून आत शिरून शेगडी पेटवण्यात मजा वाटली तर पुढचा विचार.

अजूनही ठरत नसेल तर फेब्रुवारीत, भाव उतरलेले असताना, तिन्हींत राहून बघा. गोथेनबर्गहून हे सोपं आहे, डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सहावनला बोट साडेतीन तासांत पोचवते आणि ऑस्लो मोटारीने तीनशे किलोमीटरच्या आत. सोमरहूस सहसा शनिवार ते शनिवार मिळतं. वीज मीटरप्रमाणे वेगळी, शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे, चादरी आणि टॉवेल आपले आपण न्यायचे. कुकर आणि टेबलावर घालायला मेणकापडही न्या.